गळके छप्पर आणि शेकडा पाच

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. या दोन्ही कामांचा खर्च ठरवलेल्या आकड्यात कधी बसत नाही, हा त्यातील इशारा. परंतु ज्यांच्या हाती घर बांधण्याइतका पैसा उभ्या जन्मात साठत नाही, त्यांना ‘घर पाहावे दुरुस्त करून’ अशी एक तिसरी म्हण हवी होती, असे मला नेहमी वाटते. भिंत खचते, कौले फुटतात, वासे वाळवी खाते. आणि ही कामे आपल्या सवडीसाठी थांबत नाहीत. मृगाचा पाऊस कोणाची परवानगी विचारून येत नाही.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला कर्जाचे दोन प्रकार शिकविण्यात आले : उत्पादक आणि अनुत्पादक. विहीर, बैलजोडी, शिवणयंत्र यांसाठी काढलेले कर्ज उत्पादक. लग्न, सणवार, घरखर्च यांसाठी काढलेले अनुत्पादक. घराच्या दुरुस्तीचे कर्ज दुसऱ्या यादीत होते. मी उभी राहून विचारले, “सर, छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त करणे अनुत्पादक कसे?” सर हसले आणि म्हणाले, “तूच हिशेब करून दाखव.” तो हिशेब म्हणजेच हा लेख. तो माझ्या घरचा आहे. परंतु आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच आकडे निघतील, म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करते.

एका भिंतीची गोष्ट

आमचे घर गावठाणात आहे. वीस फूट लांब, सोळा फूट रुंद. मातीच्या भिंती, वर कौले. बाबा तालुक्याच्या बाजार समितीत हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला, तो सर्वांना आठवत असेल. आमच्या गल्लीत नदीचे पाणी शिरले नाही. पण दिवसरात्र लागलेल्या झडीने घराची मागची भिंत भिजली आणि एका पहाटे बसली. सुदैवाने त्या बाजूला कोणी निजलेले नव्हते.

भिंत उघडी ठेवून घरात राहता येत नाही. बाबांनी त्याच आठवड्यात गावातील एका व्याजाने पैसे देणाऱ्या गृहस्थाकडून वीस हजार रुपये आणले. कागद नाही, जामीन नाही, चकरा नाहीत. अट एकच : शेकडा पाच. म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला पाच रुपये. ‘पाच’ हा आकडा कानाला किती लहान वाटतो! वीस हजारांचे महिन्याला हजार रुपये. बाबा म्हणाले, “हजार काय, कसेही देऊ.”

आणि ते त्यांनी दिलेही. दर महिन्याच्या पाच तारखेला हजार रुपये घराबाहेर जात. टाळेबंदीत बाजार बंद होता, तेव्हाही शेजाऱ्यांकडून हातउसने घेऊन ते गेले. दोन वर्षांत चोवीस हजार रुपये व्याज दिले. आणि दोन वर्षांनंतर मुद्दल किती राहिले? वीस हजार! एक रुपयाही कमी नाही. कारण शेकड्याच्या व्यवहारात दरमहा देतो ते केवळ व्याज असते. मुद्दल एकरकमी आणून द्यावे लागते. महिन्याकाठी शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे गणित आमच्या घरात कोणी मांडलेच नव्हते.

शेवटी आजीच्या दोन पाटल्या मोडून मुद्दल फेडले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पाटल्या २०१९ मध्येही घरातच होत्या. ‘सोने मोडायचे नाही’ या हट्टापायी त्या पेटीत राहिल्या. त्या तेव्हाच एखाद्या बँकेत वर्षाला बारा टक्क्यांनी तारण ठेवल्या असत्या, तर दोन वर्षांचे व्याज चार हजार आठशे झाले असते. आम्ही चोवीस हजार दिले आणि पाटल्याही गेल्या.

या व्यवहारातील सर्वांत मोठी रक्कम मात्र वहीत कोठेच लिहिलेली नाही. माझी ताई त्या काळात बारावी झाली. तिला चांगले गुण होते. पण तिने महाविद्यालयाचा अर्ज भरला नाही, ती तालुक्याला कापडाच्या दुकानात कामाला लागली. “दरमहा हजाराची सोय झाली,” एवढेच ती म्हणाली. मी आज हा लेख लिहीत आहे तो तिच्या जागेवर बसून, याची मला जाणीव आहे.

शेकड्याचा जुना इतिहास

ही गोष्ट आमच्याच घरची किंवा आजचीच नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १८७५ चे दख्खनचे दंगे ठाऊक असतील. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख कर्जाच्या कागदांवर होता. दस्तऐवज काढून ते जाळण्यात आले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला, त्यामागेही कर्जदाराला सावकाराशिवाय दुसरे दार उघडून द्यावे हाच हेतू होता.

आपल्याकडे ‘दामदुपटी’चा नियम त्याहूनही जुना आहे. व्याजाची रक्कम मुद्दलाहून अधिक होऊ नये, म्हणजे घेणे दामाच्या दुपटीवर जाऊ नये, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ यामध्येही हे तत्त्व ठेवले आहे. या कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो, हिशेब ठेवावा लागतो, पैसे मिळाल्याची पावती द्यावी लागते आणि चक्रवाढ व्याज लावता येत नाही. त्याच वर्षी ठरवून दिलेले कमाल दर शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जाला वर्षाला नऊ आणि बिनतारणीला बारा टक्के, तर इतरांसाठी अनुक्रमे पंधरा आणि अठरा टक्के असे होते. म्हणजे आमच्याकडून घेतलेले व्याज कायद्यातील दराच्या तिपटीहून जास्त होते. पण परवाना आहे का, हे आम्ही विचारले नाही आणि पावती मागितली नाही. अडलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. त्या संकोचाचीच किंमत तो व्याजात देतो.

छप्पर : नुकसानीचा हिशेब

२०२३ च्या उन्हाळ्यात छपराची पाळी आली. वासे वाळवीने पोकळ झाले होते. कौले दरवर्षी शाकारून घेत होतो, तरी चार ठिकाणी पातेली ठेवावी लागत. या वेळी मी आणि ताईने पहिल्यांदा वही घेतली आणि गळक्या छपराचा वर्षाचा खर्च लिहून काढला. शाकारणीची मजुरी व नवी कौले अडीच हजार. एका पावसापुरती टिकणारी ताडपत्री दोन हजार. भिजून वाया गेलेले धान्य हजार रुपयांचे. रात्रभर जागून वा आजारी पडून आईबाबांचे बुडालेले रोज तीन हजारांचे. एकूण साडेआठ हजार रुपये.

आजवर आम्ही समजत होतो की, छप्पर दुरुस्त न केल्याने पैसे वाचतात. प्रत्यक्षात ते न केल्याने दरसाल साडेआठ हजार रुपये पावसाबरोबर वाहून जात होते. गवंडीमामांनी नव्या छपराचा अंदाज चाळीस हजारांचा दिला : दहा फुटी चौदा पत्रे, खाली लोखंडी पाइप, हूक, वाहतूक आणि मजुरी. म्हणजे पाच वर्षांच्या आत हा खर्च नुकसान टळूनच भरून निघणार होता. सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. कमाई वाढविणारे कर्ज उत्पादक असेल, तर दरसालचा तोटा थांबविणारे कर्जही त्याच पंक्तीत बसले पाहिजे.

मात्र उरलेले अर्धे उत्तर याहून महत्त्वाचे आहे. हेच चाळीस हजार शेकडा पाचने आणले असते, तर वर्षाचे व्याज चोवीस हजार झाले असते. साडेआठ हजारांचे नुकसान थांबविण्यासाठी चोवीस हजार मोजायचे! म्हणजे काम तेच, पत्रे तेच. पण एका दराने कर्ज घर सावरते आणि दुसऱ्या दराने तेच कर्ज घर पोखरते. यावरून मी एक साधा नियम काढला. दुरुस्तीने वर्षाला किती नुकसान टळेल ते एका बाजूला लिहावे, कर्जाचे वर्षाचे व्याज दुसऱ्या बाजूला लिहावे. दुसरा आकडा मोठा असेल, तर त्या पैशाला हात लावू नये.

स्लॅब की पत्रा?

काका म्हणाले, “करायचंच तर स्लॅब टाका. ताईचं लग्न दोन वर्षांवर आलंय, पाहुणे घर बघायला येणार.” बाबांच्या मनातही तेच होते. पण गवंडीमामांनी भिंतीवर हात आपटून सांगितले, “दादा, भिंत मातीची आहे. तिच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवू नका. स्लॅब हवा असेल तर आधी खांब उभे करा.” खांबांसह खर्च तीन लाखांवर गेला.

तीन लाखांचे कर्ज वर्षाला बारा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे चार हजार तीनशे येतो आणि दहा वर्षांत एकूण पाच लाख सोळा हजार भरावे लागतात. आमच्या घरात महिन्याला सरासरीने उरतात अडीच हजार. म्हणजे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिलाच नाही.

शिवाय दोन्ही कामांत आणखी एक भेद आहे. पत्रे आज टाकले की आजच पाऊस थांबतो. स्लॅबचे काम पैशाअभावी अर्ध्यावर राहिले, तर त्याचा उपयोग शून्य. उलट उघड्या सळया गंजत जातात. अशी अर्धवट घरे प्रत्येक गावात दिसतात. म्हणून थोड्या उत्पन्नाच्या घराने कामाचे असे तुकडे पाडावेत की, प्रत्येक तुकडा पुरा होताच उपयोगी पडेल. यंदा छप्पर, नंतर न्हाणीघर, मग फरशी, रंग सर्वांत शेवटी. पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात त्याच्या आवाजाने बोलणे ऐकू येत नाही, हे खरे. पण ते सोसता येते. खचलेली भिंत सोसता येत नाही.

अनुदान आधी, कर्ज नंतर

कर्जाकडे वळण्यापूर्वी, परत न करावे लागणारे पैसे कोठे मिळतात का, हे पाहणे शहाणपणाचे. २०१६ पासून सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील पात्र कुटुंबाला घरासाठी एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य ठरविले गेले. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. ग्रामीण स्वच्छ भारत अभियानात शौचालयासाठी पात्र कुटुंबाला बारा हजार रुपये देण्यात आले. यादीत आपले नाव आहे की नाही, नसल्यास का नाही, हे ग्रामसेवकांना विचारण्यात कमीपणा नाही. आमचे नाव यादीत नव्हते. पण विचारण्यासाठी गेलो म्हणून दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर, म्हणजे नमुना आठवर, घर अजून आजोबांच्या नावावर होते आणि आजोबांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

कागद नसलेल्या घराला बँक तारण म्हणून उभे करीत नाही. गावठाणातील हजारो घरे पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत, पण त्यांची धड नोंद नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले, ते याच कारणाने महत्त्वाचे आहे. आम्ही वारस नोंदीचा अर्ज दिला आणि आईचेही नाव लावून घेतले. पती-पत्नी दोघांच्या नावे घराची नोंद करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या घरात अडचण नाही त्यांनीही हे काम आजच करावे, कारण अडचण आल्यावर कागद गोळा करायला वेळ उरत नाही आणि मग माणूस बिनकागदाच्या पैशाकडे वळतो.

निरनिराळ्या कर्जांची खरी किंमत

आता कर्जाची दारे पाहू. एका वित्तसंस्थेचा माणूस घरी आला. तो म्हणाला, “महिन्याला फक्त एक टक्का.” चाळीस हजार, दोन वर्षे मुदत, व्याज नऊ हजार सहाशे, हप्ता दोन हजार सदुसष्ट. ऐकायला हे बारा टक्के. पण त्याने व्याज पूर्ण चाळीस हजारांवर दोन्ही वर्षे धरले होते. वास्तविक आपण दर महिन्याला मुद्दल परत करीत असतो; वर्षभराने निम्म्याच्या आसपास रक्कम आपल्याकडे उरलेली असते. परत केलेल्या पैशावरही व्याज का द्यायचे? शिल्लक मुद्दलावर बारा टक्क्यांनी व्याज धरले, तर हप्ता सुमारे एक हजार आठशे त्र्याऐंशी होतो आणि एकूण व्याज पाच हजार दोनशेच्या आत राहते. उलट बाजूने मोजले, तर त्या माणसाचा ‘एक टक्का’ शिल्लक मुद्दलावर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडत होता. म्हणून कर्ज देणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा : व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर?

दुसरा प्रश्न : हातात किती मिळणार? प्रक्रिया शुल्क, विमा अशा नावांनी आधीच रक्कम कापली जाते. व्याज मात्र पुऱ्या रकमेवर चालू राहते. बँका व वित्तसंस्था यांनी घरगुती कर्जदारांना सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, ते दाखविणारे तपशीलपत्रक द्यावे, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना लावला आहे. सही करण्याआधी ते मागून घ्यावे आणि घरातील शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवावे. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?

तिसरा प्रश्न मुदतीचा. हप्ता लहान व्हावा म्हणून मुदत वाढविण्याचा मोह होतो. शिल्लक रकमेवर चोवीस टक्के दराने चाळीस हजारांचा हप्ता दोन वर्षांसाठी सुमारे दोन हजार एकशे पंधरा आणि तीन वर्षांसाठी सुमारे एक हजार पाचशे सत्तर येतो. हप्ता साडेपाचशेने उतरला, पण एकूण व्याज सुमारे पावणेअकरा हजारांवरून साडेसोळा हजारांवर गेले. ज्या वस्तूचे आयुष्य कमी, तिचे कर्ज लांबवू नये. रंग दोन पावसांत उडाला आणि हप्ता तिसऱ्या वर्षीही चालू राहिला, असे होता कामा नये.

दुकानदाराची उधारी हेही एक कर्जच. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा असतो. त्या दोहोंतील फरक म्हणजे व्याज. भिशी मात्र आमच्यासारख्यांना फार उपयोगी पडते. दहा जणींनी दरमहा हजार रुपये टाकले आणि चिठ्ठीने दहा हजार एकीला दिले, तर त्यात व्याजच नाही. मात्र सर्व जणी ओळखीच्या असाव्यात आणि बोली लावून कमी रक्कम उचलण्याची भिशी असेल, तर ती सोडलेली रक्कमही व्याजातच धरावी.

वाईट महिन्याचा विचार

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आमच्या घरात तिघांचे मिळून हंगामात महिन्याला एकोणीस हजार येतात आणि खर्च साडेपंधरा हजार होतो. पावसाळ्याचे चार महिने बाजारात आवक नसते, रानातील मजुरीचा नेम नसतो. तेव्हा तेरा हजार येतात आणि खर्च कितीही आवळला तरी साडेबारा हजारांखाली उतरत नाही. म्हणजे आठ महिने साडेतीन हजार उरतात आणि चार महिने केवळ पाचशे. सरासरी अडीच हजारांची, परंतु श्रावणात सरासरीवर चूल पेटत नाही.

समजा, दोन हजार एकशे पंधराचा बांधलेला हप्ता घेतला. सरासरीने तो परवडतो. पण पावसाळ्याच्या चारही महिन्यांत दरमहा सोळाशे रुपये कमी पडणार. ते कोठून आणायचे? दुसऱ्या कर्जातून! एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जाने भरण्याची साखळी येथेच सुरू होते. तीत अडकलेली माणसे आळशी नसतात, उधळीही नसतात. त्यांच्या हप्त्याचे महिने आणि आवकेचे महिने जुळलेले नसतात, इतकेच.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये लागू केलेल्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले बिनतारणी कर्ज या सदरात येते, मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, आणि घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण आमचे सरासरी उत्पन्न सतरा हजार धरले, तर ही मर्यादा साडेआठ हजारांवर जाते. तेवढा हप्ता भरला, तर आम्ही खायचे काय? ती देणाऱ्यासाठी आखलेली मर्यादा आहे. घेणाऱ्याने आपली मर्यादा आपल्या सर्वांत वाईट महिन्यावरून ठरविली पाहिजे.

आम्ही काय केले

आई एका बचत गटात आहे. बारा बायका, दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये. पाच वर्षांत नुसत्या वर्गणीचे एक लाख चव्वेचाळीस हजार जमले होते. गटाचे व्याज शेकडा दोन, पण शिल्लक मुद्दलावर. आणि ते व्याज गटाच्याच पेटीत परत जाते. वर्षाला चोवीस टक्के हा दर कमी नव्हे. तरीही आम्ही तो निवडला, कारण हप्त्याचे महिने आम्हांला ठरविता आले. आईने बैठकीत सरळ सांगितले, “पावसाळ्यात मला फक्त व्याजच जमेल. दिवाळीनंतर महिन्याला तीन हजार देईन.” ऐकणाऱ्या बायकांच्या घरीही तोच पावसाळा असल्यामुळे कोणाला ते समजावून सांगावे लागले नाही.

चाळीस हजारांपैकी पंधरा हजार आम्ही हंगामात साठविले होते. पंचवीस हजार गटाकडून एप्रिलच्या शेवटी घेतले. मे आणि जूनमध्ये दोन-दोन हजार मुद्दल दिले. जुलै ते ऑक्टोबर दरमहा केवळ चारशे वीस रुपये व्याज दिले. नोव्हेंबरपासून तीन हजार मुद्दल आणि उतरत जाणारे व्याज. तेराव्या महिन्यात कर्ज संपले. एकूण व्याज चार हजार तीनशे वीस रुपये. हेच पंचवीस हजार शेकडा पाचने घेतले असते, तर तेरा महिन्यांत सोळा हजार दोनशे पन्नास रुपये व्याज देऊनही पंचवीस हजार तसेच अंगावर उभे राहिले असते.

गरिबांच्या घरासाठी लहान कर्जे देण्याचा हा मार्ग इतरत्रही यशस्वी झालेला आहे. अहमदाबादेत १९७४ मध्ये कष्टकरी स्त्रियांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन सेवा बँक उभी केली. घर नीट करण्यासाठी कर्ज घेणाऱ्या स्त्रिया तेथे पुष्कळ आहेत, कारण विडी वळणारीचे वा शिवणकाम करणारीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. बांगलादेशात ग्रामीण बँकेने १९८४ पासून घरासाठी कर्जे दिली. त्यात काँक्रीटचे चार खांब, शौचालयाची बैठक आणि छपराचे पत्रे एवढेच मुख्य सामान असे; भिंती ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभाराव्यात. जमीन कर्जदार स्त्रीच्या नावावर असावी, असा त्या बँकेचा आग्रह होता. या साध्या घरांना १९८९ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. पुरात टिकणारे खांब आणि डोक्यावर न गळणारे छप्पर या दोन गोष्टींवर आधी पैसा खर्च करावा, बाकीचे मागाहून, हा धडा आपल्याकडेही तितकाच लागू आहे.

समारोप

कर्ज काढणे वाईट, असे सांगून वडील मंडळी मोकळी होतात. कर्ज घ्या, असे सांगून देणारी मंडळी मोकळी होतात. दोघेही हिशेब करीत नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूणच भिजत असेल तर काय करावे, हे ती म्हण सांगत नाही. त्यासाठी कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे लागते : नुकसान किती टळते, व्याज कशावर आणि किती, हातात काय येते, वाईट महिन्यात काय होईल, आणि शेवटचा रुपया कोणत्या तारखेला फिटेल. या पाच प्रश्नांची उत्तरे लिहिता आली, तर कर्ज घ्यावे. एकाचेही उत्तर ‘बघू’ असे आले, तर थांबावे.

सरांना मी हा हिशेब दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि अनुत्पादक कर्जाच्या यादीतील ‘घरदुरुस्ती’ या शब्दापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले. मला तेवढे पुरे आहे.

कर्ज फिटल्यानंतरच्या पहिल्या पावसात आम्ही सर्व जण जागे होतो. पत्र्यावर इतका आवाज होत होता की बोलणे शक्य नव्हते. आईने सवयीने पातेली काढून ठेवली होती. ती सकाळी कोरडीच उचलली. त्या जूनमध्ये ताईने मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणला. शुल्काचे पैसे कोठून आणायचे, हे तिला कोणी विचारले नाही. दरमहा घराबाहेर जाणारे पैसे आता घरातच राहत होते.